पंपाला किती?

कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले की सर्रास मागितलं जाणारं औषध म्हणजे इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के. बाटलीसोबत घडी घातलेलं माहितीपत्रक येतं. त्यात कपाशीसाठी लिहिलेलं असतं : हेक्टरी १०० ते १२५ मिली, पाणी ५०० ते ७०० लिटर. आता ही बाटली घेऊन जाणाऱ्या माणसाकडे काय असतं ते बघा. सातबाऱ्यावर त्याची जमीन हेक्टर-आरमध्ये असली, तरी त्याच्या तोंडी आणि त्याच्या सगळ्या व्यवहारात ती एकरातच असते. फवारणीचं पाणी तो लिटरात मोजत नाही, पंपात मोजतो. आणि औषध मोजायला त्याच्या हातात बाटलीचं झाकण असतं. कागदावरचे आकडे वेगळे, शेतातली मापं वेगळी. मधला सगळा हिशेब त्याने धुऱ्यावर उभं राहून तोंडी करायचा, आणि तोही भागाकाराचा.

राळेगाव तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पदवी माझ्याकडे असल्याने परवाना आता माझ्या नावावर आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न भावाचा नसतो. "ताई, पंपाले किती टाकू?" हा असतो. ज्या प्रश्नाचं उत्तर बाटलीवरच ठळक छापलेलं हवं, ते आपण दुकानदाराच्या तोंडावर सोडून दिलं आहे. दुकानात गर्दी असली, बाहेर ऑटो थांबलेला असला, आभाळ भरून आलेलं असलं, की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं : "एक झाकण टाक."

हा हिशेब एकदा पूर्ण करून दाखवते. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. हेक्टरी १०० मिली म्हणजे एकरी ४० मिली. हेक्टरी ५०० लिटर पाणी म्हणजे एकरी २०० लिटर. पंप १५ लिटरचा असेल तर एकराला १३ पंप बसतात, म्हणजे पंपाला ३ मिली औषध. पंप २० लिटरचा असेल तर १० पंप, म्हणजे पंपाला ४ मिली. वरची मात्रा, हेक्टरी १२५ मिली धरली, तरी १५ लिटरच्या पंपाला पावणेचार आणि २० लिटरच्या पंपाला ५ मिली.

आता झाकण. दुकानात येणाऱ्या वेगवेगळ्या बाटल्यांची झाकणं मी धुऊन, त्यात इंजेक्शनच्या सिरिंजने साधं पाणी भरून पाहिली आहेत. काही झाकणांत जेमतेम ५ मिली मावतं, काहींत १०, आणि लिटरच्या बाटलीच्या रुंद झाकणात २० च्याही वर जातं. झाकणाला आतून आटे असतात. आट्यांच्या खालपर्यंत भरलं की एक माप, काठोकाठ भरलं की दुसरं. आतल्या पांढऱ्या चकतीमुळे तळ वर आलेला असतो, तो वेगळाच. १० मिलीचं झाकण पंपाला एक या हिशेबाने १३ पंपांत टाकलं, तर एकरी १३० मिली औषध गेलं. शिफारस ४० ते ५० ची. तिप्पट औषध त्या माणसाने विकत घेतलं, अंगावर घेतलं आणि पिकावर मारलं. आणि त्याने तर सांगितलं तेवढंच टाकलं होतं.

तिप्पट मात्रेने किडे तिप्पट मरत नाहीत. मरतात ते मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या, म्हणजे ज्यांनी फुकटात काम केलं असतं ते. मग पंधरा दिवसांत मावा पुन्हा दिसतो आणि शेतकरी पुन्हा दुकानात येतो. या वेळी "जरा जहाल द्या" म्हणतो. सलग काही हंगाम असं चाललं की मारूनही न मरणारी कीड तेवढी शिल्लक राहते. पांढऱ्या माशीच्या आणि फुलकिड्यांच्या बाबतीत हे आम्ही रोज बघतो.

२०१७ चा खरीप आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी आणि मजूर यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाले, आणि जिल्ह्यात २० हून अधिक जण दगावले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. कारणं अनेक होती, आणि ती मापावर ढकलून मोकळं होता येणार नाही. कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. उकाडा होता. अंगावर साधा शर्ट, तोंडाला दुपट्टा. एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशकं, वर टॉनिक, वर विद्राव्य खत. पण त्या प्रत्येक मिश्रणात मापाचाही प्रश्न होताच. चार बाटल्या, चार झाकणं, चारही झाकणांचं माप वेगळं, आणि पंप एकच. त्यानंतर हातमोजे, चष्मे, मास्क असलेले संरक्षक संच वाटले गेले, शिबिरं झाली, आमच्यासारख्या दुकानदारांना तंबी मिळाली. हे सगळं गरजेचंच होतं. पण बाटलीतून औषध बाहेर काढायचं साधन तेव्हाही झाकण होतं आणि आजही झाकणच आहे.

उलटी चूकही तितकीच महागात जाते. सोयाबीनमध्ये इमेझाथायपर १० टक्के हे तणनाशक हेक्टरी एक लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली मारायचं असतं. कीटकनाशकाच्या सवयीने कुणी एकराला १३ पंप धरतो आणि पंपाला ३० मिली टाकतो. पण पीक लहान असतं, माणूस भराभर चालतो, फ्लॅट फॅन नोझल रुंद पट्टा मारतं, आणि एकर आठच पंपांत उरकतो. म्हणजे ४०० च्या जागी २४० मिली गेलं. तण पिवळं पडतं आणि आठवड्यात पुन्हा उभं राहतं. मग औषध नकली होतं, दुकानदाराने फसवलं, कंपनीने फसवलं, अशी बोलणी सुरू होतात. नकली औषध बाजारात नाही असं मी म्हणणार नाही, त्याविरुद्ध कारवाई व्हायलाच हवी. पण तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारते, एकराला पंप किती लागले? या प्रश्नाचं नेमकं उत्तर फार थोड्या जणांकडे असतं.

कृषी विद्यापीठांच्या शिफारशींची रीत वेगळी आहे. त्या हेक्टरी न देता 'प्रति १० लिटर पाण्यात' देतात : इमिडाक्लोप्रिड १० लिटरला २.५ मिली. लेबलपेक्षा हे पुष्कळ सोपं, आणि त्याबद्दल विद्यापीठांचे आभारच मानायला हवेत. पण १० लिटरचा पंप आज कुणाकडे आहे? १५, १६, १८, २० असे पंप आहेत. १६ लिटर लिहिलेल्या पंपात गळ्यापर्यंत भरलं तर त्याहून जास्त पाणी बसतं. टाकीवर लिटरच्या खुणा असतात, पण त्या त्याच रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये उठावाने केलेल्या; एका हंगामात त्यावर औषधाचा थर बसला की दिसेनाशा होतात.

आणि या शिफारशींच्या खाली नेहमी एक ओळ असते : 'पेट्रोल पंपासाठी मात्रा तिप्पट करावी.' ओळ अगदी बरोबर आहे. पेट्रोल पंप बारीक तुषार उडवतो, त्याला साध्या पंपाच्या साधारण एक तृतीयांश पाणी लागतं. एकरी औषध तेवढंच राहावं म्हणून थोड्या पाण्यात ते तिप्पट घट्ट करायचं. पण कारण न सांगता नुसतं 'तिप्पट' सांगितल्याने काय होतं? आमच्या भागात बॅटरीवरच्या पंपालाही लोक 'पॉवरचा पंप' म्हणतात. त्याला हाताने दांडी मारावी लागत नाही एवढाच फरक, पाणी साध्या पंपाएवढंच लागतं. त्यातही तिप्पट टाकणारे मला भेटले आहेत. एका ओळीत 'कारण पाणी तिसरा हिस्सा लागतं' एवढं जोडलं असतं, तरी त्यांनी आपणहून विचार केला असता. शेतकऱ्याला कारण सांगितलं की तो हिशेब बरोबर करतो. कारणच दिलं नाही, तर त्याला आकडा पाठ करण्यावाचून इलाज उरत नाही.

आता ड्रोन आले आहेत. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन द्यायचे ठरले, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पाठीवर विषाची टाकी घेऊन फिरण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण ड्रोनने एका एकराला साधारण १० लिटर पाणी मारलं जातं. म्हणजे २०० लिटरमध्ये जाणारं एकराचं औषध १० लिटरमध्ये घालायचं, वीसपट घट्ट. ज्या घरात पेट्रोल पंपाची तिप्पट समजावून सांगितलेली नाही, तिथे ही वीसपट कशी समजणार? ड्रोनचं प्रशिक्षण घेतलेल्या दीदीला ते कळेल. औषध आणून देणारा शेतकरी मात्र "पंपाले एक झाकण" याच हिशेबाने बाटली घेऊन येईल.

हे शेतकऱ्यांना जमतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार पाहावेत. ते जीए (जिबरेलिक ॲसिड) हे संजीवक देताना पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग या मापात, बोलतात : १०० लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. हा हिशेब तिथे चहाच्या टपरीवर तोंडी होतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, आणि किलोमागे मिलिग्रॅमचा अपूर्णांक म्हणजे काय, हे त्या बागायतदारांना स्वतःच्या खिशातून कळलं. त्यांना हिशेब येतो, कारण निर्यातदाराने, प्रयोगशाळेने आणि सल्लागाराने तो त्यांच्याशी वर्षानुवर्षं केला. कपाशी-सोयाबीनच्या कोरडवाहू शेतकऱ्याशी तो कुणी बसून केला नाही, एवढाच फरक. डोकं तेच आहे. सावकाराचं शेकडा व्याज आणि जिनिंगमधली कपाशीच्या वजनातली कट्टी हाच शेतकरी पैशापर्यंत काढून दाखवतो.

आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांसोबत मी जे केलं ते सांगते. फवारणी पुरुष करत असला तरी ड्रमवर बहुतेक बाईच असते. पाणी आणायचं, औषध घालायचं, काडीने ढवळायचं, पंप भरून पाठीवर चढवून द्यायचा. म्हणजे माप तिच्या हातात. कपाशीच्या एका शेतात आम्ही दोरीने ३३ फूट बाय ३३ फुटांचा चौकोन आखला, म्हणजे बरोबर एक गुंठा. पंपात साधं पाणी भरून त्यावर टाकीला मार्करने रेघ मारली. एकीच्या नवऱ्याला नेहमीच्या चालीने तेवढा गुंठा फवारायला सांगितला. मग लिटरच्या पाण्याच्या बाटलीने टाकी पुन्हा त्या रेघेपर्यंत भरली. चार बाटल्या पूर्ण गेल्या, पाचवी अर्धी. साडेचार लिटर. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे १८० लिटर. "म्हंजे आपला ड्रम एकराले पुरते, वर उरते," असं एक काकू लगेच म्हणाल्या. त्यांना गुणाकार मी सांगितला नव्हता.

ड्रमचा हा धागा फार कामाचा आहे. आपल्याकडे घरोघरी असतो तो निळा प्लॅस्टिकचा ड्रम २०० लिटरचा. लेबलवरचं हेक्टरी ५०० लिटर पाणीही एकरी २०० लिटरच भरतं. म्हणजे एक ड्रम, एक एकर. एकराचं औषध एकदाच मोजून ड्रममध्ये टाकलं, नीट ढवळलं, आणि त्यातून पंप भरत गेलं, की पंप १५ लिटरचा आहे की २० चा याने काही बिघडत नाही. प्रत्येक पंपाला ३ मिली मोजण्यात जी चूक होते, ती ४० मिली एकदा मोजण्यात फारशी होत नाही. विषाची बाटलीही तेरा वेळा उघडावी लागत नाही. फक्त प्रत्येक पंप भरताना पुन्हा ढवळायचं आणि हातमोजे घालायचे, हाताने ढवळायचं नाही. पावडर औषधं तळाशी बसतात, ती आधी बादलीत कालवून घ्यायची. आणि पावडर झाकणाने मोजूच नये : १० मिलीच्या झाकणात १० ग्रॅम पावडर बसतेच असं नाही, प्रत्येक पावडरीचा भरणा वेगळा.

एकराचा हिशेब कंपन्यांना जमत नाही असंही नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के या अळीच्या औषधाची मात्रा हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली. आणि ते ६० मिलीच्या बाटलीतही मिळतं. एक बाटली, एक एकर, संपलं. औषध महाग आहे म्हणून एकराचं पाकीट बनवावंसं वाटलं असेल. जे महाग औषधाला जमतं, ते स्वस्त औषधालाही जमलं पाहिजे, कारण स्वस्त औषधच झाकणाने जास्त ओतलं जातं.

बाटलीत २५० मिली लिहिलं असेल तर २५० मिलीच असलं पाहिजे, याची हमी वैधमापन कायदा घेतो. कमी निघालं तर दंड आहे. दूधवाल्याच्या मापावर आणि तेलवाल्याच्या मापावर सरकारी शिक्का लागतो. पण त्या २५० मधून ४ मिली विष कसं काढायचं, याची हमी कुणीच घेत नाही. लहान मुलाच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर २.५, ५ आणि १० मिलीच्या रेघा असलेली पारदर्शक टोपी असते. तिचा खर्च कंपनी निमूटपणे सोसते. कीटकनाशकाच्या काही महाग बाटल्यांसोबतही आता माप येतं. सर्व बाटल्यांसोबत का येऊ नये? पंपापुरतं मोजायला मी बाटलीसोबत बिनसुईची सिरिंज देते आणि तिच्यावर लाल मार्करने 'विष' लिहून देते, म्हणजे ती घरात दुसऱ्या कामाला जाणार नाही. हा उपाय दुकानापुरता आहे. कारखान्यात ते माप साच्यातच ओतलं जाऊ शकतं.

कंपन्यांच्या प्रतिनिधींशी मी हे अनेकदा बोलले आहे. त्यांचं म्हणणं असतं की नोंदणी हेक्टरी मात्रेवर होते, त्यामुळे पंपाची मात्रा छापली तर ती कायद्यात बसत नाही. शिवाय पंप वेगवेगळे, पिकाची उंची वेगवेगळी. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. म्हणूनच माझी मागणी नुसत्या पंपाच्या आकड्याची नाही. एकराचा आकडा हा हेक्टरच्या आकड्याचंच दुसरं रूप आहे, त्याला नवी नोंदणी लागण्याचं कारण नाही. तो मोठ्या अक्षरात छापा. त्याखाली २०० लिटर ड्रमचा आकडा छापा, आणि त्याखाली १५ व २० लिटर पंपाचा, 'एकराला इतके पंप लागत असतील तर' या अटीसह. शेतकरी वाचत नाहीत, असंही ते म्हणतात. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण मात्र आमच्याकडची निरक्षर म्हातारीसुद्धा ओळखते. तो त्रिकोण नियमाने सक्तीचा केला म्हणून प्रत्येक बाटलीवर आला, आणि दिसत राहिला म्हणून कळायला लागला.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. २०२० मध्ये त्यासाठीचं विधेयक राज्यसभेत मांडलंही गेलं. परवाना, दंड, नकली माल, भरपाई यांवर त्यात भरपूर बोललं जातं. त्या चर्चेत आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी हे माप मागून घ्यावं : १०० मिलीपासून एक लिटरपर्यंतच्या प्रत्येक बाटलीसोबत मिलीच्या खुणा असलेली टोपी, आणि लेबलच्या दर्शनी बाजूला एकराची मात्रा. दिल्लीला वेळ लागेल हे मला समजतं. पण राज्याच्या कृषी विभागाला त्यासाठी थांबायचं कारण नाही. कपाशी, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यावरची नेहमीची औषधं मोजली तर तक्ता एका मोठ्या पानाचा होईल : औषध, एकरी मिली, ड्रमला मिली, पंपाला मिली, ड्रोनच्या टाकीला मिली. विद्यापीठाकडून तपासून घ्यावा आणि प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर, ग्राहकाला दिसेल असा लावणं बंधनकारक करावं. जून उजाडायच्या आत हे होऊ शकतं.